अ‍ॅपइमेज: सगळं सोबत आणते, जीलिबसी मात्र तुमच्याकडची वापरते

लिनक्सवर बाहेरून डाउनलोड केलेला प्रोग्रॅम चालवायला गेलं की ही ओळ कधी ना कधी समोर येतेच: ‘लिबसी.एसओ.६: व्हर्जन जीलिबसी_२.३४ नॉट फाउंड’. उबुंटू २२.०४ वर कंपाइल केलेला प्रोग्रॅम उबुंटू २०.०४ वर नेला की हमखास असं होतं; पाच ओळींचा ‘हॅलो वर्ल्ड’सुद्धा त्यातून सुटत नाही. यावर उपाय म्हणून अ‍ॅपइमेजचं नाव पुढे केलं जातं. एक फाइल घ्यायची, तिला एक्झिक्यूटची परवानगी द्यायची आणि चालवायची, मग डिस्ट्रो (उबुंटू, फेडोरासारखं लिनक्सचं वितरण) कोणतीही असो. क्रिटा, केडेनलाइव्ह, फ्रीकॅड, इंकस्केप यांच्या अ‍ॅपइमेज मिळतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलेलं सबसर्फेस हे डायव्हिंगच्या नोंदींचं सॉफ्टवेअरही अ‍ॅपइमेज देतं.

सायमन पीटर यांनी २००४ मध्ये ‘क्लिक’ या नावाने हे काम सुरू केलं, २०१३ पासून ते अ‍ॅपइमेज म्हणून ओळखलं जातं. कल्पना पहिल्यापासून तीच आहे आणि ती उत्तम आहे. पण ‘कोणत्याही डिस्ट्रोवर चालेल’ हे वचन फॉरमॅटच्या हातात नाही, ते अ‍ॅपइमेज बनवणाऱ्याच्या हातात आहे. त्याने ती कोणत्या मशीनवर बिल्ड केली आणि त्या मशीनची जीलिबसी (जवळपास प्रत्येक प्रोग्रॅमला लागणारी पायाभूत सी लायब्ररी) किती जुनी होती, यावर सगळं ठरतं. म्हणून हे परीक्षण वापरणाऱ्याच्या बाजूने जितकं आहे, तितकंच बनवणाऱ्याच्या बाजूने आहे.

आधी दुखणं नीट पाहू, कारण इथे दोन वेगळी दुखणी आहेत आणि अ‍ॅपइमेज त्यातलं एकच पूर्ण बरं करते.

पहिलं दुखणं नावांचं. लायब्ररी तीच, पण प्रत्येक डिस्ट्रो तिला वेगळ्या एसओनेमने (लायब्ररीचं आवृत्तीच्या आकड्यासह नाव) ओळखते. बीझिप२ ची लायब्ररी डेबियनमध्ये ‘लिबबीझेड२.एसओ.१.०’ आहे, फेडोरात ‘लिबबीझेड२.एसओ.१’. पीसीआरईची जुनी मालिका डेबियनमध्ये ‘.एसओ.३’ आणि फेडोरात ‘.एसओ.१’. इथे सिमलिंक (एका नावावरून दुसऱ्या फाइलकडे नेणारा दुवा) टाकून बऱ्याचदा निभावतं, म्हणून लोकांना ती सवय लागते आणि मग जेपेगमध्ये फसतात. उबुंटूची लिबजेपेग ‘.एसओ.८’ आहे, डेबियन आणि फेडोराची ‘.एसओ.६२’. हा फरक नुसता नावाचा नाही, आतल्या स्ट्रक्चरची मांडणीच वेगळी आहे. सिमलिंक टाकली तरी प्रोग्रॅम सुरू होताना ‘व्हर्जन लिबजेपेग_८.० नॉट फाउंड’ असं म्हणतो आणि थांबतो. ओपनएसएसएलचंही तसंच: उबुंटू २२.०४ ने १.१ काढून ३ आणली, आणि ‘लिबएसएसएल.एसओ.१.१’ मागणारे कितीतरी जुने प्रोग्रॅम एका रात्रीत बंद पडले. अशा वेळी जुन्या रिलीजचं डेब पॅकेज ओढून आणून सिस्टिममध्ये टाकू नका. त्याला पुढे सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत आणि ते तिथेच पडून राहतं.

हे दुखणं अ‍ॅपइमेज मुळापासून बरं करते. लिबजेपेग, ओपनएसएसएल, पीसीआरई, क्यूटी, बूस्ट, जे लागेल ते फाइलच्या पोटात असतं. तुमच्या डिस्ट्रोने त्याला काय नाव दिलंय, याच्याशी तिला देणंघेणं नाही. एवढ्या एका गोष्टीसाठीही अ‍ॅपइमेज हाताशी असावी.

दुसरं दुखणं जीलिबसीच्या सिम्बॉल व्हर्जनचं. जीलिबसीतल्या प्रत्येक फंक्शनवर एक शिक्का असतो: ते या रूपात कोणत्या आवृत्तीपासून आहे. जुन्या जीलिबसीवर लिंक केलेला प्रोग्रॅम नव्या जीलिबसीवर चालतो, हे वचन ती गेली अनेक वर्षं नेटाने पाळते आहे. उलट दिशेने मात्र काहीच वचन नाही. नव्यावर लिंक केलं की लिंकर सर्वांत नवा शिक्का उचलतो आणि जुन्या मशीनवर तो शिक्का अस्तित्वातच नसतो.

काही शिक्के लक्षात ठेवावेत असे आहेत. पॉव, एक्स्प आणि लॉग या गणिती फंक्शनना २.२९ चा नवा शिक्का मिळाला, म्हणजे गणित करणारा जवळपास प्रत्येक प्रोग्रॅम तिथे अडतो. २.३३ मध्ये स्टॅट हे खरंखुरं सिम्बॉल म्हणून बाहेर आलं. फाइल हाताळणारे सगळे त्यात सापडतात. ऑगस्ट २०२१ च्या २.३४ मध्ये लिबपीथ्रेड आणि लिबडीएल मुख्य लिबसीतच विलीन झाल्या आणि ‘लिबसी स्टार्ट मेन’ या फंक्शनला नवा शिक्का बसला. प्रत्येक सी प्रोग्रॅम सुरू होताना हेच फंक्शन बोलावतो, म्हणून २.३४ ही भिंत सर्वांत जाड आहे. तिच्या नव्या बाजूला बिल्ड केलेलं काहीही जुन्या बाजूला चालत नाही. २.३८ मध्ये स्ट्रटॉलसारखी साधी फंक्शन सी२३ च्या नावाने नवीन सिम्बॉलकडे वळवली गेली. सी++ कंपायलर त्यासाठी लागणारा जीएनयू मॅक्रो आपणहून लावतो, त्यामुळे उबुंटू २४.०४ वर बिल्ड केलेला सी++ प्रोग्रॅम आकडा वाचण्याच्या एका ओळीमुळे २.३८ मागू शकतो.

आता कोणाकडे काय आहे ते. आरएचईएल (रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स) ८ आणि तिच्या भावंडांकडे २.२८, उबुंटू २०.०४ आणि डेबियन ११ कडे २.३१, आरएचईएल ९ कडे २.३४, उबुंटू २२.०४ कडे २.३५, डेबियन १२ कडे २.३६, उबुंटू २४.०४ आणि आरएचईएल १० कडे २.३९, डेबियन १३ कडे २.४१. सेंटओएस ७ ची २.१७ अजून कितीतरी लॅब आणि सर्व्हरवर आहे. आपल्या मशीनवर ‘एलडीडी --व्हर्जन’ दिलं की पहिल्याच ओळीत आकडा कळतो.

अ‍ॅपइमेज या दुसऱ्या दुखण्याला हात लावत नाही, आणि तो आळस नाही. लिनक्सचा कर्नल प्रोग्रॅम सुरू करताना आधी त्याचा लोडर (लायब्ररी मेमरीत चढवणारा छोटा प्रोग्रॅम) शोधतो, आणि त्या लोडरचा पत्ता बायनरीत पूर्ण मार्ग म्हणून लिहिलेला असतो: ‘/लिब६४/एलडी-लिनक्स-एक्स८६-६४.एसओ.२’. इथे ‘माझ्या शेजारी बघ’ असं सांगायची सोयच नाही. लोडर आणि लिबसी एकाच बिल्डमधले असावे लागतात, नाहीतर दोघं एकमेकांना ओळखत नाहीत. त्यात ग्राफिक्सची भर. ओपनजीएलचा ड्रायव्हर तुमच्या सिस्टिमचाच घ्यावा लागतो, एनव्हिडियाच्या बाबतीत तर तो कर्नल मॉड्यूलच्या नेमक्या आवृत्तीशी जुळावा लागतो. सिस्टिमचा ड्रायव्हर नवी जीलिबसी मागणार आणि पोटातली जुनी निघाली, तर खिडकीच उघडत नाही.

म्हणूनच अ‍ॅपइमेज प्रकल्पाने ‘एक्सक्लूडलिस्ट’ ठेवली आहे: पोटात घालू नयेत अशा लायब्ररींची यादी. त्यात लिबसी आहे, लिबजीएल, लिबएक्स११, लिबडीआरएम, फॉन्टकॉन्फिग, फ्रीटाइप आहेत आणि लिबएसटीडीसी++ (सी++ ची मानक लायब्ररी) ही आहे. शेवटचं नाव पाहून अनेकजण चकित होतात आणि ती लायब्ररी स्वतः आत घालतात. त्याचा परिणाम असा: मेसा या मुक्त ग्राफिक्स संचाचा ड्रायव्हर एलएलव्हीएम हा कंपायलर-संच वापरतो, एलएलव्हीएम सी++ मध्ये लिहिलेलं आहे आणि त्याला लिबएसटीडीसी++ चा ‘जीलिबसीएक्सएक्स_३.४.३०’ हा शिक्का हवा असतो. पोटातली जुनी लिबएसटीडीसी++ आधीच मेमरीत चढलेली असल्यामुळे तीच त्याच्या माथी येते, ‘लिबजीएल एरर: फेल्ड टू लोड ड्रायव्हर’ दिसतं आणि प्रोग्रॅम सॉफ्टवेअर रेंडरिंगवर घसरतो किंवा बंद पडतो. आपल्याला आलेली अ‍ॅपइमेज विनाकारण संथ चालत असेल, तर ही शक्यता पहिल्यांदा तपासा: पोटातली लिबएसटीडीसी++ तात्पुरती बाजूला काढून चालवून पाहा.

पोट उघडायला वेगळं काही लागत नाही. फाइलच्या पुढच्या भागात एक छोटा रनटाइम असतो आणि मागे स्क्वॅशएफएसची (दाबून भरलेली, फक्त वाचता येणारी फाइल सिस्टिम) इमेज. चालवताना रनटाइम ती इमेज फ्यूजच्या (साध्या युजरला फाइल सिस्टिम माउंट करू देणारी सोय) साहाय्याने टेम्पमध्ये ‘.माउंट_’ ने सुरू होणाऱ्या फोल्डरवर माउंट करतो आणि आतली ‘अ‍ॅपरन’ ही फाइल चालवतो. ‘--अ‍ॅपइमेज-एक्स्ट्रॅक्ट’ हा पर्याय दिला की तीच सामग्री ‘स्क्वॅशएफएस-रूट’ या फोल्डरमध्ये निघते. मग ‘यूएसआर/लिब’ मध्ये काय काय भरलंय ते डोळ्यांनी दिसतं. ही पारदर्शकता आम्हाला फार मोलाची वाटते. बंद पडलेली अ‍ॅपइमेज दुरुस्त करता येते, ती याच वाटेने.

वापरणाऱ्याला सर्वांत आधी अडवतो तो फ्यूज. जुना रनटाइम ‘लिबफ्यूज.एसओ.२’ मागतो आणि उबुंटू २२.०४ पासून ती लायब्ररी मुळात बसवलेली येत नाही. फाइलवर डबल क्लिक केलं तर काहीच घडत नाही, संदेशही नाही. टर्मिनलमधून चालवलं तरच ‘अ‍ॅपइमेजेस रिक्वायर फ्यूज टू रन’ वाचायला मिळतं. २२.०४ वर ‘लिबफ्यूज२’ आणि २४.०४ वर ‘लिबफ्यूज२टी६४’ हे पॅकेज टाका. नाव बदलण्याचं कारण म्हणजे ६४ बिट वेळेसाठी डेबियन-उबुंटूने केलेलं मोठं स्थलांतर. घाईत नुसतं ‘फ्यूज’ नावाचं पॅकेज टाकू नका. ते फ्यूज३ ला हटवतं आणि त्यावर अवलंबून असलेले डेस्कटॉपचे भागही सोबत निघून जाऊ शकतात. अ‍ॅप्टने दाखवलेली ‘काढली जातील’ ची यादी न वाचता होकार दिला तर पुढची संध्याकाळ डेस्कटॉप परत बसवण्यात जाते.

नवा रनटाइम पूर्ण स्टॅटिक आहे, त्याला मशीनवर फक्त फ्यूजमाउंट लागतं. हातातल्या फाइलमध्ये कोणता आहे, हे ‘फाइल’ या कमांडने कळतं: उत्तरात ‘स्टॅटिक’ शब्द असला की नवा, ‘डायनॅमिकली लिंक्ड’ असला की जुना. बनवणाऱ्याने अजून जुना रनटाइम वापरावा याला आता कारण उरलेलं नाही. कंटेनरमध्ये किंवा फ्यूज नसलेल्या सर्व्हरवर ‘--अ‍ॅपइमेज-एक्स्ट्रॅक्ट-अँड-रन’ वापरा. ते प्रत्येक वेळी सगळं टेम्पमध्ये सोडवतं, त्यामुळे मोठ्या प्रोग्रॅमला सुरू व्हायला वेळ लागतो.

इलेक्ट्रॉनवर (क्रोमियम ब्राउझर पोटात घेऊन डेस्कटॉप प्रोग्रॅम बनवायची चौकट) बनलेल्या प्रोग्रॅमची अडचण वेगळी आहे. क्रोमियमचा सँडबॉक्स (प्रोग्रॅमला बाकी सिस्टिमपासून वेगळं ठेवणारं कुंपण) एकतर एसयूआयडी मदतनीस (रूटच्या अधिकाराने चालणारी फाइल) वापरतो किंवा यूजर नेमस्पेस (कर्नलने दिलेली वेगळी युजर-कक्षा). फ्यूजचं माउंट नेहमी ‘नोएसयूआयडी’ असतं, म्हणजे पहिली वाट बंद. उबुंटू २४.०४ ने अ‍ॅपआर्मरमार्फत साध्या युजरच्या यूजर नेमस्पेसवर बंधन आणलं, म्हणजे दुसरीही बंद. ‘एसयूआयडी सँडबॉक्स हेल्पर बायनरी नीट लावलेली नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो आणि लोक ‘--नो-सँडबॉक्स’ लावून मोकळे होतात. तसं करू नका. इंटरनेटवरचं पान दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचा सँडबॉक्स काढणं म्हणजे घराचं दार उघडं टाकून बाहेरगावी जाणं. अ‍ॅपइमेज एक्स्ट्रॅक्ट करा, ते फोल्डर ‘/ऑप्ट’ मध्ये हलवा, आतल्या ‘क्रोम-सँडबॉक्स’ फाइलची मालकी रूटला द्या आणि तिला ४७५५ परवानगी द्या. मग ‘अ‍ॅपरन’ थेट चालवा. दोन मिनिटांचं काम आहे आणि सँडबॉक्स शाबूत राहतो.

आता बनवण्याची बाजू. खरा कस इथेच आहे.

बिल्डसाठी आपलं रोजचं मशीन वापरू नका, कंटेनर वापरा आणि त्यात जुनी डिस्ट्रो घ्या. आमची शिफारस अल्मालिनक्स ८ ची आहे. तिची जीलिबसी २.२८ आहे, म्हणजे डेबियन १० आणि उबुंटू २०.०४ पासूनची सगळी मशीन आवाक्यात येतात, आणि तिला अजून सुरक्षेचे अपडेट मिळतात. पायथॉनच्या जगातला ‘मेनीलिनक्स_२_२८’ हाही याच अल्मालिनक्स ८ वर उभा आहे. जुनी डिस्ट्रो म्हणजे जुना कंपायलर, ही भीती नको. ‘जीसीसी-टूलसेट-१३’ टाकला की सी++२० लिहिता येतं. त्याची खुबी अशी की लिबएसटीडीसी++ मधला जो भाग सिस्टिमच्या जुन्या लायब्ररीत नाही, तेवढाच तो तुमच्या बायनरीत स्टॅटिक लिंक करतो. म्हणजे कंपायलर नवा, जीलिबसी जुनी आणि लिबएसटीडीसी++ पोटात घालायचीही गरज नाही. उबुंटूच्या जुन्या कंटेनरमध्ये बाहेरून नवा जीसीसी आणला तर हे घडत नाही. तिथे नवे जीलिबसीएक्सएक्सचे शिक्के लागतात आणि २.३१ वर बिल्ड करूनही प्रोग्रॅम उबुंटू २०.०४ वर चालत नाही.

प्रीफिक्स ‘/यूएसआर’ ठेवून कंपाइल करा, ‘मेक इन्स्टॉल’ ला ‘डेस्टडिर’ म्हणून अ‍ॅपडिरचा पूर्ण मार्ग द्या; फाइलच्या पोटात जाणारं सगळं याच फोल्डरमध्ये जमतं. मग लिनक्सडिप्लॉय (त्या फोल्डरमधून तयार फाइल बांधणारं साधन) चालवा: अ‍ॅपडिर सांगा, क्यूटी असेल तर क्यूटीचा प्लगइन जोडा, आउटपुट अ‍ॅपइमेज मागा. ते प्रत्येक बायनरीची ‘नीडेड’ यादी वाचतं, एक्सक्लूडलिस्ट वगळून बाकीच्या लायब्ररी ‘यूएसआर/लिब’ मध्ये आणतं आणि पॅचएल्फने त्यांचा रनपाथ (लायब्ररी कुठे शोधायच्या तो मार्ग) ‘$ओरिजिन’ च्या, म्हणजे बायनरीच्या स्वतःच्या जागेच्या, हिशेबाने बसवतं. त्याचं जुनं भावंड लिनक्सडिप्लॉयक्यूटी फार नव्या डिस्ट्रोवर चालायलाच नकार देतं. अनेकांना त्याचा राग येतो, पण तो नकार योग्य आहे. लिनक्सडिप्लॉय असं काही विचारत नाही, त्यामुळे ती शिस्त तुमच्याकडे हवी.

ती शिस्त म्हणजे एक कमांड. अ‍ॅपडिरमधल्या प्रत्येक एल्फ (लिनक्सची बायनरी) फाइलवर ‘ऑब्जडम्प’ कॅपिटल टीच्या पर्यायासह चालवा, त्यातून ‘जीलिबसी_’ ने सुरू होणारे शिक्के ग्रेपने वेचा आणि ‘सॉर्ट’ ला कॅपिटल व्ही देऊन शेवटची ओळ पाहा. कॅपिटल व्ही विसरू नका. साधा सॉर्ट अक्षरांनी लावतो, त्याला २.४ हे २.३४ पेक्षा मोठं वाटतं. शेवटी २.४ दिसतं, बनवणारा निश्चिंत होतो आणि २.३४ वर अडकलेल्या लोकांच्या तक्रारी दुसऱ्या दिवसापासून सुरू होतात. शेवटची ओळ २.२८ च्या पुढची निघाली तर दोषी बहुधा तुमचा कोड नसतो, बाहेरून तयार आणलेली एखादी लायब्ररी असते: डाउनलोड केलेलं क्यूटी, एखादं पायथॉन व्हील, कोणीतरी दुसऱ्या मशीनवर बिल्ड केलेली रस्टची बायनरी. रस्ट आणि सी साठी झिगचा कंपायलर हाही चांगला मार्ग आहे, त्याला टार्गेटमध्येच ‘जीएनयू.२.२८’ असं लिहून हवी ती जीलिबसी सांगता येते.

लिनक्सडिप्लॉयला न दिसणाऱ्या गोष्टींची यादी मोठी आहे, कारण ते फक्त ‘नीडेड’ वाचतं. प्रोग्रॅम चालू असताना डीएलओपनने उघडल्या जाणाऱ्या लायब्ररी त्याला कळत नाहीत. जीस्ट्रीमरचे प्लगइन, जीडीके-पिक्सबफचे लोडर, जीटीकेचे इनपुट मॉड्यूल हे सगळे त्यात येतात. पिक्सबफच्या ‘लोडर्स.कॅश’ मध्ये तर बिल्ड मशीनचे पूर्ण मार्ग लिहिलेले असतात. बिल्ड मशीनवर चाचणी घेतली तर सगळं झकास चालतं, कारण ते मार्ग तिथे खरोखर असतात. म्हणून चाचणी नेहमी दुसऱ्या डिस्ट्रोच्या ताज्या कंटेनरमध्ये घ्या, आणि ‘एलडी_डीबग’ ला ‘लिब्ज’ ही किंमत देऊन चालवा. कोणती लायब्ररी कुठून उचलली, हे ओळीओळीने छापून येतं. ‘/यूएसआर/लिब’ मधून उचललेलं जे नाव एक्सक्लूडलिस्टमध्ये नाही, ते तुमच्याकडून आत भरायचं राहिलं आहे.

डेबियन आणि फेडोरात एक फरक असा आहे की तो लायब्ररीच्या यादीत कुठेच दिसत नाही. पोटातल्या ओपनएसएसएलला सर्टिफिकेटांचा मार्ग कंपाइल करतानाच शिकवलेला असतो. डेबियन-उबुंटूत ती ‘/ईटीसी/एसएसएल/सर्ट्स/सीए-सर्टिफिकेट्स.सीआरटी’ मध्ये असतात, फेडोरा-आरएचईएलमध्ये ‘/ईटीसी/पीकेआय/टीएलएस/सर्ट्स/सीए-बंडल.सीआरटी’ हा मार्ग रूढ आहे. प्रोग्रॅम सुरू होतो, खिडकी येते, आणि नेटवरून काही मागितलं की ‘सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड’. वापरणारा नेटला दोष देतो. अ‍ॅपरनमध्ये दोन्ही मार्ग तपासून जो सापडेल तो ‘एसएसएल_सर्ट_फाइल’ मध्ये ठेवा. लिबकर्ल थेट वापरत असाल तर मार्ग कोडमधूनच द्या.

दुसरी खोड ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ ची. हाताने लिहिलेल्या अ‍ॅपरनमध्ये तो सर्रास लावलेला असतो. पण एन्व्हायर्नमेंट वारशाने पुढे जातं: प्रोग्रॅममधल्या लिंकवर क्लिक केलं, एक्सडीजी-ओपनने ब्राउझर उघडला, की ब्राउझरलाही तुमच्या पोटातल्या लायब्ररी मिळतात आणि तो उघडता उघडता कोसळतो. लिनक्सडिप्लॉयने बसवलेला रनपाथ पुरेसा असतो, त्यामुळे हा व्हेरिएबल शक्यतो लावूच नका. लावावाच लागला तर बाहेरचा प्रोग्रॅम सुरू करण्याआधी काढून टाका.

मराठीत टाइप करणाऱ्यांनी एक चाचणी आवर्जून घ्यावी: अ‍ॅपइमेजमध्ये देवनागरी कीबोर्ड चालतो का. क्यूटीत आयबसचा (वेगवेगळ्या भाषांचं टायपिंग सांभाळणारा प्रोग्रॅम) इनपुट प्लगइन क्यूटीबरोबरच येतो, म्हणून आयबसवर इनस्क्रिप्ट वापरणाऱ्यांचं सहसा निभावतं. एफसीआयटीएक्स५ या तशाच दुसऱ्या प्रोग्रॅमचा प्लगइन मात्र वेगळ्या प्रकल्पाचा आहे आणि तो पोटात भरायचा बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. मग त्याच मशीनवर बाकी सगळीकडे मराठी उमटतं आणि या एका खिडकीत रोमन अक्षरंच येतात. सिस्टिममधला प्लगइन कॉपी करून आत टाकल्यास तो क्यूटीच्या वेगळ्या आवृत्तीचा निघून नाकारला जातो. वेलँड नसेल तर एक्सआयएमची जुनी वाट काही प्रोग्रॅमना उपयोगी पडते. बनवणाऱ्यांना आमची विनंती आहे की ‘प्लॅटफॉर्मइनपुटकॉन्टेक्स्ट्स’ हे फोल्डर भरलेलं आहे का, हे रिलीज करण्याआधी पाहावं. जगात कितीतरी लोक आपली लिपी अशाच वाटेने टाइप करतात. फॉन्टकॉन्फिगही आत भरू नये. आतली जुनी आवृत्ती सिस्टिमच्या नव्या कॉन्फिगरेशनमधले घटक ओळखत नाही, इशारे देते आणि फॉन्टची निवड बिघडली तर देवनागरीच्या जागी चौकोन दिसतात.

अल्पाइनवर अ‍ॅपइमेजची अपेक्षा ठेवू नका. तिथे जीलिबसीच नाही, मसल ही दुसरी सी लायब्ररी आहे. फाइल डोळ्यांसमोर असूनही शेल ‘नॉट फाउंड’ म्हणतं, कारण सापडत नाही तो लोडर. निक्सओएसवर ‘अ‍ॅपइमेज-रन’ वापरा.

फ्लॅटपॅक या दुसऱ्या पॅकेज पद्धतीशी तुलना अटळ आहे. त्याचा रनटाइम स्वतःची जीलिबसी घेऊन येतो, त्यामुळे २.३४ ची भिंत तिथे नाहीच. फ्रीडेस्कटॉपचा रनटाइम दरवर्षी निघतो, २३.०८, २४.०८ असे त्याचे क्रमांक. बदल्यात पहिल्या प्रोग्रॅमबरोबर मोठा रनटाइम डाउनलोड होतो, सँडबॉक्समुळे काही फोल्डर दिसत नाहीत, आणि एनव्हिडियाचा ड्रायव्हर अपडेट केल्यावर ‘फ्लॅटपॅक अपडेट’ दिलं नाही तर ओपनजीएल बंद पडतं. स्नॅप या उबुंटूच्या पॅकेज पद्धतीचा ‘कोअर२२’ म्हणजे उबुंटू २२.०४ च्या लायब्ररी, ‘कोअर२४’ म्हणजे २४.०४ च्या, ते उबुंटूवर सरळ, इतरत्र स्नॅपडी बसवावं लागतं. रोज वापरायचा, नेटला जोडलेला मोठा प्रोग्रॅम फ्लॅटपॅकमध्ये मिळत असेल तर तो घ्या. एखाद्या सॉफ्टवेअरची ठरावीक आवृत्ती जपून ठेवायची असेल, दोन आवृत्त्या शेजारी चालवायच्या असतील, इंटरनेट नसलेल्या लॅबमध्ये पेन ड्राइव्हवरून न्यायचा असेल, रूट पासवर्ड नसेल, तर अ‍ॅपइमेजला तोड नाही. ‘--अ‍ॅपइमेज-पोर्टेबल-होम’ दिलं की शेजारीच ‘.होम’ फोल्डर तयार होतं आणि सेटिंगही त्याच पेन ड्राइव्हवर राहतात.

वापरणारा म्हणून आम्ही अ‍ॅपइमेजला पाचपैकी चार देतो, बनवणारा म्हणून तीन. कापलेला एक गुण दोन्हीकडे एकाच कारणाचा आहे: पोटातल्या लायब्ररींना डिस्ट्रोचे सुरक्षा अपडेट पोचत नाहीत. ओपनएसएसएलमध्ये भोक सापडलं, तुम्ही सिस्टिम अपडेट केली, तरी अ‍ॅपइमेज आपली जुनीच प्रत वापरत राहते. आत सही असली तरी रनटाइम ती आपणहून तपासत नाही. म्हणून फाइल फक्त प्रकल्पाच्या स्वतःच्या जागेवरून घ्या. वर्षभरापेक्षा जुनी, नेटला जोडणारी अ‍ॅपइमेज दिसली तर एक्स्ट्रॅक्ट करून ‘यूएसआर/लिब’ मध्ये ‘लिबएसएसएल.एसओ.१.१’ आहे का ते पाहा. असेल तर ती अ‍ॅपइमेजच काढून नवी घ्या, ओपनएसएसएल १.१.१ चा मोफत पाठिंबा सप्टेंबर २०२३ मध्येच संपला आहे.